डावऱ्या हाताच्या खाचा

पाय आवर रं मारुती, त्या जात्याला लावू नको. त्याचीच गोष्ट हाय ही. हौशीराम आमच्या शेजारचा, त्याच्याच तोंडनं ऐकलेली.

साल चौतीस. नवलाख उंबरे गावचा हौशीराम जात्यांना टाकी लावायचा. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की छन्नीनं खाचा पाडून द्यायचा. हात चांगला व्हता गड्याचा, पन लोक नाव घ्यायचे सोपानचं. सोपान डावरा. त्याच्या खाचा डावीकडं कललेल्या, बघताक्षनी वळखू यायच्या. त्यो पटकीनं गेला, तवा हौशीराम मनातनं लय खूश झाला. खोटं कशाला बोला! आता समदी जाती आपलीच, असं वाटलं त्याला.

माघ वद्य दशमीला सांजच्याला सोमाटण्याच्या धोंडाबाईचा सांगावा आला. लेकीच्या लग्नाची हळद पहाटं दळायची, टाकी लावून द्या. हा गेला.

"हौशीरामभाऊ, झिजलंय तेवढंच ठोका बरं," धोंडाबाई म्हनली. "सोपानभाऊच्या खाचा मोडू नका. तसा हात परत व्हनं न्हाई."

हौशीरामच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्यावरबी हाच!

बाई निजायला गेली. ह्यानं पडवीत कंदील ठेवला, वरचा दगड उतरवून भिंतीला टेकवला. ह्या धंद्याची रीत हाय, मेलेल्याच्या कामावर हात घालायचा तर पयला घाव त्याच्या नावानं. हौशीरामनं नाव घेतलं न्हाई. खालच्या दगडावरची सोपानची एकेक खाच फोडत सुटला आन् आपल्या उजवीकडं कललेल्या पाडल्या.

टक... टक...

मागनं आवाज आला. टक.

हा थांबला. सामसूम.

एक घाव घातला. मागनं एक.

"कोन हाय?"

वळून बघितलं. भिंतीला टेकवलेला दगड. कोनी न्हाई. दगडाची भुकटी मातूर गळत व्हती... गळतच व्हती.

पहाटं धोंडाबाईनं दोन्ही दगडांवर हात फिरवला. "आगं बया! सोपानभाऊचाच हात की वो!"

समद्या खाचा डावीकडं.

"मी केल्यात! मी!" हौशीराम वरडला.

"व्हय वो, तुमीच. म्हनून तर म्हनते, त्याचा हात आला तुमाला."

तवापासनं त्यानं उजव्या हातानं कुटलंबी जातं ठोकावं, लोकांनी सोपानचं नाव घ्यावं. लय जळला बिचारा. शेवटी छन्नी हिरीत टाकली.

हे जातं त्याच्या घरचं, टाकी त्यानंच लावलेली. सोपाननं याला कंदी हात लावला न्हाई. उचल वरचा दगड, मारुती. फिरव बोट...

कुटं कलल्यात?