तिसऱ्याच्या खुणा

लोकांना रिपोर्ट हवा असतो, समज नको असते. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नमुने माझ्या लॅबमध्ये येतात आणि त्यांच्या पाठोपाठ नातेवाईक येतात. "साहेब, चांगलं आलंय ना?" चांगलं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसतं, त्यांच्या डॉक्टरांनाही अर्धवटच ठाऊक असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी काचेच्या खिडकीतून हात हलवतो आणि आत जातो.

माझ्या धाकट्या बहिणीला हाच रोग झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांचं रक्त मीच तपासलं. आईचं, बाबांचं, माझं. जुळलं ते माझं. माझ्या मूळपेशी तिला दिल्या आणि ती वाचली. बाबा त्यानंतर गेले. आता घरात आम्ही तिघं. ती माझ्या रक्तावर जगते, आणि हे मी चारचौघांत सांगतोही. का सांगू नये?

पेशी दिल्यावर दर महिन्याला एक तपासणी असते. प्रत्येकाच्या डीएनएत ठरावीक जागी आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा खुणा आलेल्या असतात. रुग्णाच्या रक्तात फक्त दात्याच्या खुणा दिसल्या तर पेशी रुजल्या. रुग्णाच्या जुन्या खुणा परतल्या तर रोग परतला, आणि मग फारसं काही हातात उरत नाही. इतकं सोपं आहे. माकडालाही शिकवता येईल. आमच्या टेक्निशियन बाईंना शिकवायला मला दोन वर्षं लागली.

त्या महिन्यात बाईंनी बहिणीचा आलेख आणून टेबलावर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"सर, यात तिसरं कुणीतरी आहे."

"तुम्ही शिंकला असाल."

"मास्क होता, सर."

"मग मास्क शिंकला असेल."

आमच्याकडे एक शिस्त आहे. नमुन्याच्या आसपास फिरकणाऱ्या प्रत्येकाच्या खुणा, अगदी झाडू मारणाऱ्या मावशींच्याही, संगणकात ठेवलेल्या असतात. कुणाची थुंकी किंवा कातडीचा कण नमुन्यात पडला की लगेच चोर सापडतो. मी सगळ्यांशी ताडून पाहिलं. कुणीच जुळेना. नवीन रक्त मागवलं, सगळं स्वतःच्या हाताने केलं. आलेखावर प्रत्येक खूण शिखर होऊन उमटते, रक्तात ज्याचा वाटा जास्त त्याचं शिखर उंच; माझ्या उंच शिखरांच्या बाजूला तीच बुटकी शिखरं पुन्हा उभी राहिली.

मग मी त्या खुणा एकेक करून वाचल्या. प्रत्येक जागी एक आईची, एक बाबांची. परका कुणी नव्हता. आमचंच भावंड होतं.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"आई, माझ्याआधी कुणी होतं का?"

"तुम्ही दोघंच," ती म्हणाली.

आईला खोटं बोलता येत नाही, त्यासाठी लागते तेवढी कल्पनाशक्ती तिच्याकडे नाही. ती नुसती कामाला लागते. घडी घातलेला टॉवेल तिने उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

पुढच्या महिन्यात माझी शिखरं खाली आली होती आणि तिसऱ्याची वर गेली होती. मी आलेख घेऊन बहिणीच्या डॉक्टरांकडे गेलो. यांना मी मनात नंदीबैल म्हणतो, कारण रिपोर्टात काहीही लिहा, हे मान हलवतात.

"अहो, पेशी भरपूर आहेत, रोगाचा मागमूस नाही," ते म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

"माझं रक्त कमी होतंय तिच्यात. हा तिसरा कोण?"

"तुमच्या लॅबचा घोळ असणार." ते हसले. "नाचता येईना अंगण वाकडं."

खरंच तिची तब्येत सुधारत होती. गालांवर रंग आला होता. पूर्वी ती जिन्यावरून उतरली तर कळतही नसे, आता धपाधप उतरायची. डाव्या हाताने जेवू लागली होती. मला दादा म्हणायचं मात्र तिने सोडलं. "काय रे छोट्या," म्हणायची. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. थट्टा करत असेल असं मी धरून चाललो. दुसरं काही धरून चालणं म्हणजे खिडकीबाहेरच्या त्या भाबड्या लोकांत जाऊन उभं राहणं.

पण मला भीती वाटत होती, सरळच सांगतो. रक्त बदललं तरी माणसाचे केस त्याचेच राहतात. केसाच्या मुळाशी दाता सापडत नाही. औषधांनी गेलेले तिचे केस आता परत येत होते. मी तिच्या कंगव्यातून मुळासकट आलेले काही केस काढून घेतले. केसांत ती सापडली, की माझी बहीण जागेवर आहे. एवढंच मला पाहायचं होतं.

रविवारी लॅब रिकामी होती. दुपारी मी आलेख उघडला.

फक्त तिची अशी एकही खूण नव्हती.

सगळी शिखरं तिसऱ्याची. उंच, स्वच्छ, एखाद्या धडधाकट माणसाची असावीत तशी.

मी बाही वर केली आणि स्वतःचं रक्त काढलं. का काढलं ते सांगता येत नाही. दात्याचं रक्त पुन्हा कुणी तपासत नाही. त्याने दिलेलं असतं, त्याला कुणी काही दिलेलं नसतं.

संध्याकाळी आलेख उमटला. माझी शिखरं उंच होती.

त्यांच्या शेजारी बुटकी शिखरं होती.

मी यंत्र बंद केलं, हात धुतले आणि घरी गेलो. बहीण दारातच उभी होती. तिने माझ्या बाहीकडे पाहिलं.

"इतक्यात कशाला बघितलंस, छोट्या? तुझ्यात मी अजून थोडासाच आहे."

मी बाही खाली ओढली. आतून आईचा आवाज आला, रोज येतो तसाच, भांड्यांच्या आवाजातून.

"आधी जेवू दे त्याला, थोरल्या."

माझ्या बहिणीने ओ दिली.