मागच्या सीटवरचं जेवण

जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट संपवा. मग वाचा. मी गंमत करत नाहीये.

जसं घडलं तसं सांगतेय. पटलं नाही तर सोडून द्या, पण "कशावरून खरं?" असं मला विचारू नका. जिच्या बाबतीत घडलं ती आम्रपाली माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. कॅम्प भागातल्या एका सरकारी ऑफिसात आम्ही दोघी नऊ वर्षं एकत्र काम करतोय. फायलीवर शेरा मारावा तसं ती बोलते. खोटं बोलायला जी कल्पनाशक्ती लागते, ती तिच्याकडे नाहीच.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, मंगळवार, दुपारचे पावणेएक. मांजरी गावचा कालवा. लख्ख ऊन.

आम्रपाली मुंढव्याला वडिलांबरोबर राहते. भीमराव, वय एकाहत्तर, पोस्टातून निवृत्त. आई, सुंदराबाई, चार वर्षांपूर्वी गेल्या. भीमराव म्हणजे कडक माणूस. घरात नवस नाही, अंगारा नाही. बायको गेली तेव्हा पिंड नाही, कावळा नाही. विहारात पुण्यानुमोदन केलं आणि वाचनालयाला पुस्तकं दिली. "मेलेला माणूस जेवत नाही," असं ते नातेवाइकांना तोंडावर सांगत.

हेच भीमराव दिवाळीनंतर वाळायला लागले.

बहात्तर किलोचे चोपन्न झाले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. रोज दुपारी बारा वाजता पाच भाकऱ्यांचा डबा घेऊन जुन्या वॅगन-आरमधून निघत. "विहारात चाललोय. तिथं मंडळी एकत्र जेवतो आम्ही," म्हणत. तीनला परत येत, ते भिंतीला धरून जिना चढत.

आम्रपालीने एकदा विहारात फोन केला.

"जय भीम ताई. भीमरावजी? ते तर आश्विन पौर्णिमेपासून दिसले नाहीत."

कुठेतरी पाणी मुरत होतं. तिने ठरवलं, गाडीला ट्रॅकर लावायचा.

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"कशाला हवाय? गाडी चोरीला जाते म्हणून, की नवरा जातो म्हणून?"

"वडील जातात."

तो जरा वरमला. मग तीन नमुने काउंटरवर मांडले. एक चुंबकाने खाली चिकटणारा. "चार्ज करायला विसराल आणि माझ्याशी भांडायला याल." दुसरा स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचायचा. "वडिलांना लगेच दिसेल." तिसरा वायरिंगमध्ये जोडून डॅशबोर्डमागे लपवायचा. त्याला बारीक माइक होता. आतल्या सिमवर फोन केला की तो आपोआप उचलायचा, गाडीतला आवाज ऐकू यायचा.

"आपला आवाज गाडीत जातो का?"

"स्पीकरच नाही त्याला. तुम्ही फक्त ऐकायचं. बोलायची सवय असेल तर अवघड आहे."

तिने तिसरा घेतला. सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी आणली. दुकानाचा फिटर साईनाथ, चाळिशीचा माणूस, त्याने दोन वायरी बॅटरीला जोडल्या, एक चावीच्या स्विचला. सिम घातलं. तिच्या फोनवरून एक मेसेज पाठवायला लावला. लगेच उत्तर आलं. तिचा नंबर नोंदला गेला होता.

माइकची वायर छताच्या कापडात खोचायला तो मागच्या सीटवर टेकला आणि पटकन उठला.

"ताई... मागं काय सांडलंय?"

त्याचा हात चिकट झाला होता. त्याने तो नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. साखर कारखान्याजवळ मळीचा येतो तसा वास, गोडसर आणि कुजका. त्याने हात तीनदा धुतला. ज्या फडक्याला पुसला ते फेकून दिलं. मागवलेला चहा तसाच ठेवून गेला.

मंगळवारी बाराला आम्रपालीने ऑफिसात मोबाइल उघडला. नकाशावरचा ठिपका मुंढव्यातून निघाला. मांजरीत शिरला. नव्या इमारती मागे टाकून कालव्याच्या रस्त्याला लागला, तिथं दोन्ही बाजूंना ऊस आहे.

पावणेएक. ठिपका थांबला.

ती बायकांच्या बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि सिमवर फोन केला.

आधी नुसती खरखर...

मग चावण्याचा आवाज.

मचमच. मचमच. ओला, सावकाश, तोंड उघडं ठेवून चावल्यासारखा. मग क्षणभर शांतता... आणि मग कोणीतरी गिळलं. गटक्. पुन्हा मचमच. पुन्हा गटक्. मध्येच जीभ फिरल्यासारखा चाटण्याचा आवाज.

"सावकाश," भीमरावांचा आवाज आला. "पुष्कळ आहे."



"शी!" आम्रपालीच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडचं सगळं थांबलं.

आवाज आत जात नव्हता. जाणं शक्यच नव्हतं...

"कोण हाय?" कोणीतरी विचारलं. तोंडात लाळ साठल्यासारखा, बोळका आवाज.

"कोणी नाही," भीमराव म्हणाले. "तू जेव."

तिथंच बेसिनमध्ये तिला उलटी झाली. दार उघडायला लावून पाठ मीच चोळली तिची. मला वाटलं, ॲसिडिटी.

संध्याकाळी तिने वडिलांसमोर मोबाइल ठेवला. भीमराव चिडले नाहीत. उलट सुटल्यासारखे खुर्चीत टेकले.

"कालव्यापाशी उभा होता, आमू. भर उन्हात. हात केला, म्हणून घेतला गाडीत. भूक लागली म्हणाला. डबा दिला, तर खाता येईना. दात नाहीत बिचाऱ्याला."

"मग?"

"मग काय. चावून दिलं."

ती बघत राहिली.

"तुझी आई नाही का द्यायची तुला, भाकरी चावून?"

तेव्हा तिला कळलं. चावण्याचा तो आवाज तिच्या बापाचा होता. ज्याला ती शी म्हणाली होती तो. त्या दुसऱ्याचं फक्त चाटणं आणि गिळणं होतं.

"दिसतो कसा?"



"मागं वळत नाही मी. घास हातावर घेतो, हात मागं करतो. तो घेतो."

त्यांनी डावा तळहात उघडला. पांढराफटक. दिवसभर पाण्यात भिजल्यासारखा सुरकुतलेला. रेषा पुसल्या होत्या. आम्रपालीला शहारा आला, आणि त्याहून जास्त संताप.

"आयुष्यभर आम्हाला शिकवलंत. आईला घास ठेवला नाहीत तुम्ही! आणि आता भुतं जेवायला घालता?"

"भूत म्हणालो का मी? भुकेला म्हणालो." म्हातारा हट्टाला पेटला. "पिंड नाही पाडत मी. भुकेल्याला दोन घास देतोय."

"आणि तुमच्या पोटात काय जातं?"

त्यावर त्यांनी मान खाली घातली.

"नाही उतरत आता घशाखाली. चावतो... मग वाटतं, हे त्याचं आहे."

तिने चावी घेतली आणि पर्समध्ये टाकली. मागची सीट फिनेलने तीनदा धुतली. सीटच्या फटीतून चावलेल्या भाकरीचे गोळे निघाले. काही वाळलेले, काही ताजे. ती हातात पिशव्या घालून ते काढत होती आणि मध्येच उठून ओकत होती.

भीमरावांनी त्या दिवसापासून एक घास गिळला नाही.

ताटावर बसत. घास चावत. चावतच राहत. मग तो गोळा काढून ताटाच्या कडेला ठेवत. दुसरा घास. दुसरा गोळा. मऊ वरणभाताचंही तेच. सलाइन लावलं. दुर्बीण घालून तपासलं, अन्ननलिका मोकळी. डॉक्टर म्हणाले, "वयाचा विचार करता असे चार-पाच दिवस काढता येतील. पुढचं सांगता येत नाही." चौथ्या दिवशी भीमरावांनी घरी न्यायला सांगितलं. उठून बसायचीही ताकद नव्हती. तोंडात काही नसताना जबडा मात्र हलत होता...

आम्रपाली रजेवर होती. सहावा दिवस. घड्याळात पावणेएक झाले.

गाडी खाली पार्किंगमध्ये बंद उभी. चावी तिच्या मुठीत. तिने सिमवर फोन लावला.

आत कोणी नव्हतं. नुसती खरखर.

मग, अगदी माइकशी, ओला श्वास.

"सोड माझ्या बाबांना," ती म्हणाली. ते ऐकलं जातंय याबद्दल तिला आता शंका नव्हती.

 मग ओठांचा चपचपाट...

"जेवान."

पलंगावर भीमरावांचे डोळे पांढरे व्हायला लागले होते.

आम्रपालीने दोन भाकऱ्या आणि पिठलं डब्यात घातलं. जिना उतरली. ड्रायव्हरच्या सीटवर बसून दार लावून घेतलं. फिनेलचा वास नव्हता. मळीचा होता, नाकात बसेल असा. मागची सीट करकरली. कोणीतरी पुढे सरकलं.

ती वळली नाही.

घास तोंडात घेतला. चावला. तोंडातला आपलाच घास तिला परक्याचा उष्टा वाटायला लागला. घशाशी उलटी आली, ती दाबली. गोळा डाव्या तळहातावर काढला. अजून गरम होता. डोळे मिटले आणि दोन सीटांच्या मधून हात मागे केला.

काहीच झालं नाही.

मग ओलं लागलं.

जाड, खरबरीत, थंड. तळहातावरून सावकाश फिरलं. बोटांच्या बेचक्यांत गेलं. नखांच्या खाली गेलं. एक कण ठेवला नाही.

गटक्.

तिला त्या वेळी ओरडायचं होतं. तिने दुसरा घास घेतला.

डबा संपल्यावर ती वर आली, तर भीमराव उशीला टेकून बसले होते. "आमू, भूक लागली गं," म्हणाले. वाटीभर भात त्यांनी गिळला. वर पाणी प्यायले. बाप जेवताना बघून ती तिथंच दाराशी बसून रडली. हात मात्र तिने अंगापासून लांब धरला होता.

हे तिने मला या जानेवारीत सांगितलं. कँटीनमध्ये, दुपारी, समोरासमोर बसून. भीमराव आता सत्तर किलोचे आहेत, रोज वाचनालयात जातात. चावी मुलीने ठेवून घेतली म्हणून कुरकुरतात, पण विचारत काही नाहीत.

आम्रपालीची मनगटं मला तेव्हा नीट दिसली. काडीसारखी झाली होती.

"अगं, ती गाडी विकून टाक आधी," मी म्हटलं.

"विकली की. डिसेंबरात. लोणी काळभोरच्या एकाने घेतली."

"मग सुटलीस."

 तिने पोळीचा तुकडा तोंडात घातला. चावला. चावत राहिली. डाव्या हाताने रुमाल तोंडाशी नेला. मग मला दिसलं, की तिचा डावा हात टेबलावर नाही. खुर्चीमागे आहे. तळवा वर करून.

तिच्या मागे भिंत होती. मध्ये माणूस मावेल इतकीही जागा नव्हती.

मी ऐकलं. कँटीनच्या त्या गलक्यात मी स्पष्ट ऐकलं.

माझा घास तोंडातच राहिला. मला किळस आली, आणि समोर मैत्रीण मरतेय नि आपल्याला किळस येतेय याची लाजही वाटली. उठावं की तिचा हात धरावा, काही कळेना. तेवढ्यात ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. किती तरी वेळ बघत होती.

मग अगदी हळू, अगदी प्रेमाने म्हणाली,

"नीरजा... तुझे दात चांगले मजबूत आहेत गं."