मनकर्णाबाईंचं पुष्पचक्र

"राजदीप, नीट धर ना! रिबन चाकात जाऊन राहिली!"

"मी नीटच धरलं आहे! तूच खड्डे शोधून शोधून सायकल घालून राहिली!"

मे महिन्यातलं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर बसलं होतं. तेरा वर्षांची स्नेहल जोर लावून पायडल मारत होती. मागच्या कॅरिअरवर तिचा धाकटा भाऊ राजदीप एक भलंमोठं पुष्पचक्र कवटाळून बसला होता. पांढरा निशिगंध, पांढरे गुलाब, कडेनं हिरवी पानं, आणि मधून गेलेल्या रिबनवर सोनेरी अक्षरं: 'कै. मनकर्णाबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली'.

अर्जुनी मोरगावच्या बस स्टँडसमोर त्यांच्या आईचं, अंजनाचं फुलांचं दुकान होतं. नागपूरची एक मोठी कंपनी मोबाइलवर फुलांच्या ऑर्डरी घ्यायची आणि या भागातल्या ऑर्डरी अंजनाकडे पाठवायची. ताजी फुलं रचून अंजनानं ती घरपोच द्यायची आणि पोहोचल्याचा फोटो कंपनीला पाठवायचा. कंपनी तो फोटो ऑर्डर देणाऱ्याला दाखवायची. ऑर्डर देणारा कोण, हे मात्र अंजनाला कधीच कळत नसे. सुट्टीत पोहोचवण्याचं काम या दोघांकडे आलं होतं.

कवठाटोल्यात शिरल्याबरोबर स्नेहलला जरा विचित्र वाटलं. मनकर्णाबाईंच्या घरासमोर ना गर्दी, ना रडारड. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"ताई, मयतीच्या घरी इतकं शांत असते का?" राजदीप कुजबुजला.

"चूप! तोंड बारीक कर. हसू नको."

स्नेहलनं कडी वाजवली. दार उघडलं. हातात सूप घेतलेली एक उंच, काटक म्हातारी समोर उभी राहिली.

"काय पाहिजे?"

"आजी, फुलं आणली आहेत. मनकर्णाबाईंच्या घरी द्यायची आहेत."

"मीच मनकर्णाबाई."

राजदीपचे डोळे बटाट्याएवढे झाले.

"ताई," तो मोठ्यानंच म्हणाला, "ह्या त जित्या हायेत!"

म्हातारीनं रिबन वाचली. एकदा वाचली, मग बोट फिरवत पुन्हा वाचली. आणि दुसऱ्याच क्षणी सूप अंगणात भिरकावलं गेलं!

"मी मेली कधी वं? आँ? कोणं पाठवलं तुम्हाले? माह्या दारात माह्याच नावाचं चक्र घेऊन येता? निघा! निघा अगोदर!"

पुष्पचक्र राजदीपच्या हातातून हिसकावलं गेलं आणि थेट फाटकाबाहेर जाऊन आपटलं. ओरडा ऐकून मनकर्णाबाईंची सून मंजू धावत आली. रिबन पाहून तिनं कपाळालाच हात लावला. "अवं माय! जित्या माणसाच्या घरात मयतीची फुलं! अपशकुन झाला हो!"

तिच्यामागून मोहित आला. स्नेहलच्याच वर्गातला. गेल्या विज्ञान प्रदर्शनापासून दोघांचं बोलणं बंद होतं. म्हणजे भांडण सोडून बाकीचं बोलणं.

"तू?" मोहित ओरडला. "माझ्या आजीची चेष्टा करतेस? लाज नाही वाटत?"

"आम्हाले काय ठाऊक? जी ऑर्डर आली ती..."

"ऑर्डर आली म्हणून आणून देशील? उद्या बॉम्बची ऑर्डर आली तर तोही नेऊन देशील!"

स्नेहलला सणसणीत उत्तर द्यायचं होतं, पण राजदीप रडायला लागला होता. तिनं मोडकं चक्र उचललं आणि सायकल फिरवली. मागून कोणीतरी मातीचं ढेकूळ फेकलं. ते तिच्या पाठीत बसलं.

ती दुकानात पोहोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोहोचली होती! परसोडीचे केवलराम काउंटरवर हात आपटून बोलत होते, "आमच्या पोरीच्या लग्नाचे हार नकोत आता! ज्या हातानं जित्या बाईचं चक्र बांधलं, त्या हातचं काहीच नको!"

"भाऊ, मले जी ऑर्डर आली ती मी बांधली," अंजना म्हणाली.

"तुम्हाले कायचं कळते? तुमच्यात तेरवी नाही, दशक्रिया नाही. आमच्या शुभ-अशुभाशी तुम्हाले काय देणंघेणं!"

अंजनानं निशिगंधाचे देठ कापायला घेतले, पण कात्री नेहमीपेक्षा फार जोरात वाजत होती. स्नेहलच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

तेवढ्यात गर्दीतून ईश्वरदास पुढे आले. कवठाटोल्याच्या तलाव समितीचे सचिव. कडक इस्त्रीचा सदरा, मधासारखी वाणी.

"जाऊ द्या केवलरामभाऊ, माणसाची चूक होते. मी समजावतो सगळ्यांना." मग अंजनाकडे वळून ते हळहळले, "बिचाऱ्या मनकर्णाबाई! अध्यक्ष आहेत समितीच्या. पण आता उद्याच्या बैठकीला कशा येतील? सुनेनं म्हणे घराबाहेर पडायचं नाही अशी शपथ घातली."

ते निघून गेले. मग कंपनीचा फोन आला.

"मॅडम, डिलिव्हरी का फोटो नहीं आया!"

"पहिले ये बताओ, ऑर्डर किसने दिया?" अंजनानं विचारलं.

"कस्टमर का नाम हम नहीं बता सकते. फोटो भेजिए, नहीं तो आप का दुकान लिस्ट से निकल जाएगा!" आणि फोन आपटला गेला.

दुपारी रस्ता भाजून निघाला होता तेव्हा दुकानासमोर एक सायकल करकचून थांबली. मोहित! त्याचा चेहरा उन्हानं आणि रागानं लालबुंद झाला होता.

"कोणी पाठवलं ते सांग. नाही सांगितलं तर मी इथून हलणार नाही!"

"मग बस इथंच वाळत! मलाही ठाऊक नाही!" स्नेहल ताडकन उठली. "तुझ्या आजीपायी आमच्या आईला लोक काय काय बोलून गेले! पाठवणारा सापडला तर मीच त्याचे केस उपटेन!"

मोहितनं सायकल स्टँडला लावली. हे त्यानं अपेक्षिलं नव्हतं.

राजदीपनं त्याच्यासमोर पाण्याचा गडवा ठेवला. मोहितनं तो एका दमात संपवला आणि काउंटरला टेकून खालच्या आवाजात म्हणाला, "गोपीचंद काका असेल. आमच्याच भावकीतला. उन्हाळी धानाला जास्त पाणी सोडा म्हणून रोज आजीशी भांडतो. मागच्या आठवड्यात चौकात ओरडला, 'ही बुढी मरत काऊन नाही?' सगळ्या गावानं ऐकलं."

"मग गाव काय म्हणते?"

"गाव म्हणते पुरावा काय? आणि आई आजीला बाहेर सोडत नाही. उद्या चार वाजता बैठक आहे. तलावाचा एक कोपरा मुरूम टाकून बुजवायचा आणि तिथं लग्नाचा लॉन काढायचा, असा कोणाचा तरी अर्ज आला आहे. आजी नसली तर अर्ज मंजूर झालाच म्हणून समज. मग पाणी कमी, आणि खालच्या सगळ्यांची शेती गेली!"

स्नेहल मोडक्या चक्राकडे पाहत राहिली. मोबाइल पुन्हा किणकिणला. कंपनीचाच संदेश होता: फोटो पाठवा, फोटो पाठवा, फोटो पाठवा.

"मोहित!" ती एकदम ओरडली. "हा फोटो कोणाला दिसतो?"

"मला काय विचारतेस? दुकान तुझं आहे!"

"ऑर्डर देणाऱ्याला! फक्त त्यालाच! आपण त्याला ओळखत नाही, पण त्याच्यापर्यंत आपलं काहीही पोहोचवता येते! समज, फोटोत मागच्या भिंतीवर लिहिलेलं असलं, की बैठक आता उद्या सकाळी सात वाजता, तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या आंब्याखाली..."

"पण बैठक तर चार वाजता, ग्रामपंचायतीत..." मोहितचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे सात वाजता जो येईल..."

"तोच चोर!" राजदीप टाळी वाजवत ओरडला.

"हळू बोल बे!" दोघं एकदमच त्याच्यावर खेकसले.

चक्राची दशा वाईट झाली होती. अर्धे गुलाब चुरगळले होते, निशिगंध माना टाकून पडला होता. अंजना घरी जेवायला गेली होती. स्नेहलनं बर्फाच्या डब्यातून ताजे देठ काढले, तिरपे कापले आणि मधल्या ओल्या स्पंजात एकेक खोचत गेली. आईचं काम तिनं रोज पाहिलं होतं, पण स्वतः पहिल्यांदाच करत होती. एक देठ मोडला, दुसरा वाकडा बसला.

"डावीकडे रिकामं दिसते," मोहित म्हणाला.

"मग तू खोच!"

"खोचतो! आण इकडे!"

भांडत भांडत चक्र उभं राहिलं.

संध्याकाळी मंजू विहिरीवर गेली आणि ही तिघं मोहितच्या घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, घुसली. मोहितनं भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत बैठकीची सूचना लिहिली. खाली चक्र टेकवलं. स्नेहलनं आईच्या मोबाइलवर फोटो काढून कंपनीला पाठवला आणि राजदीपनं ओल्या फडक्यानं भिंत लगेच पुसून टाकली.

"काय करून राहिले रे?" आतून दरडावणी आली. मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या.

पळावं की थांबावं, स्नेहलला कळेना. मग तिनं हनुवटी वर केली. "आजी, सकाळी तुम्ही आम्हाले हाकललं. आमचं ऐकूनच नाही घेतलं. आता ऐका!"

कोणी मनकर्णाबाईंशी असं बोलत नसे. मोहितनं डोळे मिटले. म्हातारीनं मात्र कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं, शेवटपर्यंत.

"शपथ सुनेनं घातली, मी नाही घेतली," त्या एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पाळीवरच्या आंब्यामागे दबा धरून बसली. तलावाचं पाणी उन्हाळ्यानं आत सरकलं होतं आणि काठावरची माती भेगाळली होती. सातच्या सुमारास पाळीवरून एक माणूस येताना दिसला. खांद्यावर फावडं, डोक्याला दुपट्टा. गोपीचंद!

"आला!" मोहितनं मुठी आवळल्या. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

पण गोपीचंद आंब्याखाली थांबलाच नाही. त्यानं झाडामागे डोकावून पाहिलं आणि तो गुरगुरला, "काऊन बे पोट्टेहो, कैऱ्या चोरून राहिले का? चला, निघा!"

"काका, तुम्ही... बैठकीला आले का?" स्नेहलनं चाचरत विचारलं.

"कोणची बैठक? बैठक चार वाजता हाय. मी शेतावर चाललो, दिसत नाही का?"

स्नेहलनं मोहितकडे पाहिलं. चुकलं का सगळं? तेवढ्यात पाळीवर स्कूटरचा आवाज आला. कडक इस्त्रीचा सदरा, काखेत फाइल. ईश्वरदास! त्यांनी स्कूटर लावली, इकडे तिकडे पाहिलं आणि गोपीचंदला विचारलं, "काय गोपीचंदभाऊ, बाकीचे आले नाहीत? बैठक सातला ठरली ना?"

"आज सगळे येडे झाले का?" गोपीचंद वैतागला. "चार वाजता हाय म्हटलं ना!"

स्नेहल झाडामागून बाहेर आली. आवाज खणखणीत निघाला. "ईश्वरदास काका, सातची बैठक तुम्हाले कोणी सांगितली?"

"कोणी म्हणजे? मनकर्णाबाईंच्या भिंतीवर लिहिलं आहे. काल त्यांना पाहायला गेलो तेव्हा वाचलं."

"तुम्ही काल आमच्या घरी आलेच नाही!" मोहित पुढे झाला.

"आणि ते भिंतीवर राहिलंच नाही!" राजदीप ओरडला. "फोटो काढला आन मी लगेच पुसलं! तो फोटो फक्त चक्र पाठवणाऱ्यालेच गेला!"

ईश्वरदासांच्या चेहऱ्यावरचा मध पार आटला. "फूलवालीची कार्टी! मला शिकवता? आण तो मोबाइल इकडे!" त्यांनी झडप घालून स्नेहलचा दंड पकडला. नखं कातडीत रुतली. मोहितनं त्यांचा सदरा मागून खेचला, तशी शिवण टर्रकन उसवली. ईश्वरदासांचा हात वर गेला, पण खाली आला नाही. फावड्याचा दांडा आडवा आला होता.

"लेकराले हात लावायचा नाही," गोपीचंद शांतपणे म्हणाला. "आन ते चक्र पाठवलं तू, नाव झालं माह्यं. कालपासून बायको मले जेवाले वाढून नाही राहिली! काढ तुहा मोबाइल. दाखव."

"दाखव, दाखव! मलेही पाहू दे, माह्या मरणाचा फोटो कसा निघाला!"

पाळीवरून ताडताड पावलं टाकत मनकर्णाबाई येत होत्या. मागे मंजू पदर सावरत, "आत्याबाई, शपथ!" म्हणत धावत होती. ईश्वरदासांनी मोबाइल खिशात दाबून धरला, पण गोपीचंदनं तो काढून घेतला. भिंत, खडूची अक्षरं आणि पांढरं चक्र, सगळं त्यात होतं. लॉनचा अर्जही त्यांच्याच मेहुण्याच्या नावावर होता, हे त्यांनी दुपारपर्यंत कबूल केलं.

चार वाजता ग्रामपंचायतीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मनकर्णाबाई अध्यक्षाच्या खुर्चीत बसल्या. अर्ज फेटाळला गेला, ईश्वरदासांचं सचिवपद गेलं आणि पोलिसांत तक्रार द्यायचं ठरलं. सरपंचांनी तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. "आम्ही मोठे लोक काल नुसते बोंबलत बसलो," ते म्हणाले. "विचार केला तो या पोरांनी!" टाळ्या झाल्या. मंजूनं राजदीपला जवळ ओढलं.

"थांबा!" मनकर्णाबाईंनी हात वर केला. "केवलराम कुठं हाय? उठ. फूलवालीच्या दुकानात जे बोलला, ते इथं सगळ्यांसमोर बोल. नाही बोलवत? मग माफी माग."

केवलराम खाली मान घालून उठले. "चुकलं बाई. हार तुम्हीच बांधा."

"बांधीन," अंजना म्हणाली. "पण न्यायला तुम्ही स्वतः या. माझी लेकरं येणार नाहीत."

"आन माह्यावर शक घेतला त्याचं काय?" गोपीचंद मागून गरजला.

स्नेहल उभी राहिली. "चुकलं काका."

"चुकलंच! पण माह्यं तोंडच तसं हाय. मीही माह्यावरच शक घेतला असता."

"मी त आताही घेऊन राहिली!" मनकर्णाबाई म्हणाल्या आणि सारं अंगण हसलं. तेवढ्यावर गोपीचंदनं पाण्याचा विषय काढला आणि दोघांची पुन्हा जुंपली.

बैठक उठल्यावर मनकर्णाबाई स्नेहलजवळ थांबल्या. तिच्या दंडावरचे नखांचे वण त्यांनी अंगठ्यानं हलकेच चाचपले.

"डोकं चांगलं हाय तुह्यं," त्या म्हणाल्या. "जीभही धारदार हाय. कोणी काही म्हणो, धार जाऊ देऊ नको."

त्या निघून गेल्या. दोन दिवस न रडलेल्या स्नेहलचे डोळे भरून आले.

"आजी असं कोणालाच म्हणत नाही," मोहित नवलानं म्हणाला. "मला तर आजपर्यंत एकदाही नाही!"

"तुला कसं म्हणेल?" स्नेहल डोळे पुसत हसली. "तुला साधा निशिगंध सरळ खोचता येत नाही!"

"डावी बाजू मीच भरली होती!"

"म्हणूनच वाकडी दिसत होती!"