पाळीव जंत

खिचडीत कूट घालण्याआधी शलाकानं लेकीच्या दंडावरची पट्टी पाहिली. नखाएवढी ती पट्टी रक्तातल्या इओसिनोफिलांचा, म्हणजे जंतांवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, अंदाज सांगायची. हिरवी असली की दाणे चालायचे. आज ती नारिंगी होती.

शलाकानं कुटाचा डबा बंद केला.

"बिनकुटाची खिचडी म्हणजे खळ," स्वरदानं नाक मुरडलं.

पूर्वी दाण्याचा कण पोटात गेला तरी तिचा गळा सुजायचा. मग डॉक्टर तांबोळींनी तिच्या आतड्यात प्रयोगशाळेत वाढवलेले, अंडी न घालणारे जंत सोडले. आपल्याला कुणी हाकलू नये म्हणून जंत काही द्रव्यं सोडतात आणि त्यांमुळे शरीरात आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. डॉक्टर त्यांना लगामपेशी म्हणत. त्या दाण्यांवर चिडणाऱ्या पेशींनाही शांत ठेवत. तेव्हापासून स्वरदा वर्गात सगळ्यांच्या डब्यातलं खायला लागली होती.

शलाकानं घाईघाईनं डॉक्टरांना फोन लावला.

"जंतांचं काही औषध पोटात गेलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. शाळेत गोळी देतात त्या दिवशी मी तिला घरीच ठेवलं होतं."

"वावडिंग दिलंय मी," मागून सासूबाई म्हणाल्या.

शलाका वळली.

"झोपेत कराकरा दात खात होती गं. म्हटलं, तुमचे ते औषधाचे जंत ठीक, पण मातीतून दुसरे शिरले असतील. दुधात उकळून दिलं."

"अहो आई, वावडिंगाला कसं कळणार, पाळलेले कुठले आणि उपरे कुठले?"

"ते आत्ता कळतंय मला."

शलाकाच्या तोंडावर बरंच काही आलं होतं. पण गळा सुजलेल्या स्वरदाला उचलून दवाखान्यापर्यंत अनवाणी धावल्या होत्या त्या याच. तिनं फोन पुन्हा कानाला लावला आणि वावडिंगाचं सांगितलं.

"प्रयोगशाळेतले जंत नाजूक असतात," डॉक्टर म्हणाल्या. "जिवंत असताना ते स्वतःला झाकून ठेवतात. मेले की त्यांचे तुकडे पेशींपुढे उघडे पडतात आणि लगाम सुटतो. दाणे आजपासून बंद. गळा सुजला तर द्यायचं इंजेक्शन हाताशी ठेवा."

"नवे जंत देता येतील ना?"

"देऊ. पण मागच्या वेळी शरीर बेसावध होतं. आता त्यानं त्यांना शत्रू म्हणून ओळखलं असेल. या वेळी ठेवून घेईलच, असं नाही सांगता येत. नाही घेतलं, तर आपल्याकडे दुसरा उपाय नाही."

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात स्वरदाच्या हातात नवे जंत असलेल्या औषधाचा छोटा पेला होता. शलाका तिच्या श्वासाकडे कान लावून बसली होती.

"आई, पेशींना आधीच सांगता येत नाही का, की हे आपले आहेत म्हणून?"

शलाकानं डॉक्टरांकडे पाहिलं. "अजून तरी नाही," त्या म्हणाल्या.

सासूबाई खुर्चीतून उठल्या, वाकल्या आणि नातीच्या पोटावर तळवा ठेवून हळूच म्हणाल्या, "राहू द्या गं त्यांना, पेशीबायांनो. चूक माझी होती."

स्वरदा खुदकन हसली. मग तिनं पेला संपवला आणि आईकडे बघत विचारलं,

"ऐकलं असेल का त्यांनी?"