वहीतलं भरलेलं घर

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला ती उशिरा पोहोचली, तेव्हा एकच जागा रिकामी होती... लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशेजारी. त्याने ग्रीसने काळी झालेली बोटं चटकन बाकाखाली लपवली.

“बसा. डाग लागणार नाही... बहुतेक.”

बाईंचा शिरस्ता असा, की फळ्यावरची अर्धी वाक्यं घरी पूर्ण करायची आणि शेजाऱ्याने वही तपासायची. ‘मी घरी पोहोचते तेव्हा...’ यापुढे तिला काही सुचेना. दिवसभर प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या, नंतर चार भिंती; लिहिणार काय? तिने ठोकून दिलं – भाऊ दार उघडतो. मग वहिनी आली. पाठोपाठ एक द्वाड भाचाही आला.

“आज काय फोडलं भाच्याने?” वही परत देताना तो विचारायचा.

“चष्मा... माझा.”

“तरीच! माझी बरोबर वाक्यं चूक ठरवलीत.”

दोन महिने असे सरले. मग तिच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली. ती जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आली, तर समोर हा, हातात पाना. आता काय करणार? तिने किल्ली काढली, कुलूप उघडलं. आत अंधार.

“सगळे... बाहेर गेलेत.”

त्याने नुसती मान हलवली. त्यानंतर भाच्याची चौकशी थांबली. वहीत फक्त चुका सुधारलेल्या. ते तिला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

शेवटच्या दिवशी वर्गातच दोन वाक्यं जोडून एक करायचं होतं. वर्ग सुटला की हा माणूसही सुटणार. तिने लिहिलं – मी एकटी राहते, म्हणून मी वहीत माणसं आणली. जीव मुठीत धरून वही सरकवली.

त्याने ते वाचलं आणि पेन्सिल बाकावर ठेवून दिली.

“रागावलात?”

“छे! वाईट वाटलं. भाच्यासाठी छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ठेवला होता मी... आता कोणाला देऊ?”

तिला हसू आलं, आणि डोळे भरून आले.

“रविवारी तुमची लिफ्ट बघायला येतो,” तो म्हणाला.

“ती तर नीट चालतेय.”

“हो... मग नुसताच येतो.”

“घरात खुर्ची एकच आहे.”

“मी दिवसभर उभाच असतो हो.”

तिने वही मिटली.

“पाचला या.”