अपेक्षाच्या गोळ्या

सकाळीच फोन आला. "वारज्याला या. औषधाचं दुकान फोडलंय."

औषध निरीक्षक अवधूत पोहोचला तेव्हा दुकानदार अनंत काचांच्या चुऱ्यात उभा होता. दुकान फोडणारे रावसाहेब समोरच्या पायरीवर बसले होते. वाशिमहून पुण्याला शिकायला आलेली त्यांची लेक अपेक्षा आदल्या दिवशी न्यूमोनियाने गेली होती.

"सायेब, यानं माह्या पोरीले नकली गोळ्या देल्या. तिनं एकबी चुकवली नाही. ताप हटलाच नाही."

अवधूतने उरलेल्या गोळ्या तपासायला पाठवल्या. अहवाल आला: पेनिसिलिनच्या जातीचं औषध, अस्सल.

मग पोरगी गेली कशी?

तो अपेक्षाच्या खोलीवर गेला. तिच्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचे, सलोनीचे डोळे रडून रडून सुजले होते.

"खोलीत आणखी कोणी आजारी होतं?"

"आधी संस्कृती. महिनाभर खोकत होती, पण कॉलेजला यायची. मग अपेक्षा."

"आणि तू?"

"मला काहीच नाही झालं. तिच्या उशाशी मीच बसायचे."

"तुला कुठलं औषध चालू आहे?"

"पिंपल्सच्या गोळ्या. डॉक्सीसायक्लिन."

अवधूत चपापला. त्याने लगेच हॉस्पिटलच्या डॉक्टर सुहासिनींना फोन लावला. "अपेक्षाच्या घशातला नमुना आहे?"

"आहे. पण तिला आणली तीच शेवटच्या घटकेला हो."

"त्यात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे का, तपासाल?"

तपासणीत तोच निघाला. अवधूतने रावसाहेबांना अनंतच्या दुकानात बोलावून घेतलं.

"बहुतेक जंतूंभोवती भिंत असते. अपेक्षाच्या गोळ्या ती भिंत पाडतात. या जंतूला भिंतच नसते, मग पाडणार काय? तिच्या मैत्रिणीची, सलोनीची पिंपल्सची गोळी भिंतीच्या वाटेला जात नाही, जंतूची वाढच रोखते. म्हणूनच ती वाचली असावी. गोळ्या खऱ्या होत्या, रावसाहेब. मारलं त्या जंतूने."

"म्हंजे दुसरी गोळी देली असती तं..."

अवधूतला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "कदाचित वाचली असती."

"मंग पयल्या डॉक्टरनं कावून नाही देली?"

"सुरुवातीला नुसत्या खोकल्यावरून जंतू ओळखता येत नाही. नेहमी देतात तीच गोळी दिली."

रावसाहेबांनी अनंतकडे पाहिलं, मग फुटक्या कपाटाकडे.

"तिच्या मायले सांगून आलो होतो, त्या दुकानदाराले येरवड्याच्या जेलात धाडूनच येतो. आता घरी जाऊन काय सांगू?"

अनंतने आपलं स्टूल पुसलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"बसा," तो म्हणाला.