मागच्या रांगेत एक

तळा गावात कुणाचा मिक्सर अडला, कुणाचा पंप पाणी ओढेनासा झाला, की लोक आधी कुलदीपला फोन करतात आणि मग दुकानात जातात. कुलदीपचा धंदा टेम्पोचा, पण हात सदा कुठल्या तरी खोक्याच्या पोटात. घरातल्या एकाही वस्तूला त्यानं मेकॅनिकचं तोंड पाहू दिलेलं नाही. एकदा दुरुस्त झालेली वस्तू तो पुन्हा उघडतो, का झाली हे बघायला. त्याची बायको पूनम म्हणते, याच्या हातात मला दिलं असतं तर माझेसुद्धा दोन-चार स्क्रू जास्तीचे निघाले असते.

त्यामुळे त्यानं जपानहून आलेली ती सात आसनी गाडी घेतली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. रोह्याचा एक इंजिनिअर तिकडं बरीच वर्षं नोकरी करून परतला, तो येताना गाडी बोटीनं घेऊन आला. पुढं त्याची पुण्याला बदली झाली आणि गाडी कुलदीपकडं आली. गाडी घेण्यामागं कारण एकच होतं, त्याची धाकटी बहीण क्रांती.

क्रांतीचं सासर पालीला. लग्नाला सहा वर्षं झालेली, दोनदा पोट राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच गेलं. आता तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला होता, पण डॉक्टर खूश नव्हते. बाळाची वाढ कमी आहे, सोनोग्राफीच्या कागदावर दोन आठवडे मागं दिसतं, हिला जपा, धक्के बसू देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. पालीहून तळ्यापर्यंतचा रस्ता म्हणजे अर्धा डांबर आणि अर्धा खड्डा. टेम्पोतून तिला आणायचं कुलदीपच्या जिवावर आलं होतं. या गाडीला खड्डा लागला तरी आतल्या माणसाला तो कळत नसे.

अडचण भाषेची होती. गाडीच्या स्क्रीनवर सगळं जपानी. कुलदीपनं मोबाईल समोर धरून एकेक पान भाषांतर करून घेतलं आणि वहीत उतरवलं. सरकते दरवाजे फार झपकन मिटायचे, ते हळू केले. पट्ट्याची टिंगटिंग अर्ध्यावर आणली. आतला दिवा, आरसे, एसी सगळं आपल्या मनाजोगतं करून घेतलं. आठवडाभर तो जेवायलासुद्धा वही घेऊन बसत होता.

मग ती बोंब सुरू झाली. गाडीच्या छताला, दिव्याच्या शेजारी, बटाट्याएवढा एक काळा डोळा होता. लोक लहान मूल गाडीत विसरून बाजारात जातात, म्हणून ही सोय. गाडीला कुलूप लावलं आणि आत कुणी श्वास घेत असलं, तर तो डोळा ओळखतो आणि गाडी हॉर्न वाजवून गाव गोळा करते. कुलदीपनं गाडी अंगणात लावली, सगळे उतरले, कुलूप लागलं, आणि गाडी बोंबलायला लागली. स्क्रीनवर सात सीटांचं चित्र होतं. शेवटच्या रांगेतल्या डाव्या सीटवर एक छोटी आकृती उभी होती. मोठ्या माणसाची आकृती वेगळी, ही मुलाची होती.

सीटवर कुणी नव्हतं. कुलदीपनं हात फिरवून पाहिला, खाली बॅटरी मारली. उंदीर नाही, पाल नाही.

"तारांचा लफडा हाय," तो आईला म्हणाला.

जनीबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी गाडीकडं पाहिलं आणि परत वालाकडं.

पुढचे चार दिवस कुलदीपनं तो लफडा शोधला. तांदळाचं पोतं त्या सीटवर ठेवून पाहिलं, तर स्क्रीनवरचा माणसांचा आकडा एकच राहिला. कोंबडी आत सोडली, तर तिनं मधल्या सीटवर घाण केली आणि पूनमनं तेवढ्यावरून आठवडाभर ऐकवलं. ब्रेकवर पाय ठेवून स्क्रीनचा कोपरा दाबून धरला, की दुरुस्तीवाल्यांचं आतलं पान उघडतं, हेही त्यानं शोधून काढलं. त्या पानावर श्वासाच्या रेघा दिसत. त्याची स्वतःची रेघ संथ, खालीवर होणारी. शेवटच्या रांगेतली बारीक आणि भरभर.

त्यानं काळ्या डोळ्याला अॅल्युमिनियमचा कागद चिकटवला. त्याची स्वतःची रेघ लगेच सपाट झाली. दुसरी चालूच राहिली.

आता इथं दुसऱ्या कुणीही गाडी विकायला काढली असती. कुलदीपनं वहीत लिहिलं, "जुनी माहिती साठून राहिली असावी," आणि बॅटरी सोडून दिवसभर गाडी तशीच ठेवली. बॅटरी जोडली, पान उघडलं, तर रेघ हजर. मग भर दुपारी तो स्वतः मागं जाऊन त्या सीटच्या शेजारी बसला. तिथून स्क्रीन दिसावा म्हणून आरसा नीट वळवून ठेवला होता. काचा बंद होत्या. अंगणात ऊन कडकडत होतं आणि आत खोबरेल तेलाचा वास होता, तान्ह्याच्या टाळूला येतो तसा. सीटला कसली तरी पॉलिश असेल, असं त्यानं ठरवलं.

आपल्याच श्वासाची सावली ही गाडी दोनदा मोजते की काय, हे बघायला त्यानं श्वास रोखला. त्याची रेघ सपाट झाली. शेजारची चालत राहिली… चार, पाच, सहा… आणि मग तीही थांबली.

कुलदीपला दम धरवेना. त्यानं श्वास सोडला. शेजारची रेघ हलली. पुन्हा रोखला. पुन्हा ती थांबली. मुलं एकमेकांची नक्कल करतात, त्यातला प्रकार होता. कुलदीप दार सरकवून बाहेर आला आणि विहिरीवर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. त्याला भीती वाटली होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला होता, कारण वहीत लिहायला काही सुचत नव्हतं.

संध्याकाळी जनीबाईच कोंडाजींना घेऊन आल्या. कोंडाजी म्हणजे गावातलं म्हातारं माणूस. कुणाच्या शेतात, वाटेवर काही अडलं की देवापुढं गाऱ्हाणं घालायला त्यांनाच बोलावतात. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, शेवटच्या काचेतून आत पाहिलं.

"बारका हाय," ते म्हणाले. "तरास देनारा न्हाय. बसायला मिललाय, म्हनून बसलाय."

"मग उठवायचा कसा?" जनीबाईंनी विचारलं.

"गाऱ्हाना घालायचा. पन नुस्ता ऊठ म्हनून कोन उठतो? त्याला दुसरी जागा द्यायला लागते. नाव घेऊन द्यायची. अमक्या वडाखाली, तमक्या बांधावर, बोट करून दाखवायची आन मग नारल फोडायचा. सकाली मी येतो नऊला. मानगावला जाऊन येतो तवर."

कुलदीपला हे पटत नव्हतं, पण नको म्हणवतही नव्हतं. सकाळी क्रांतीला आणायचं होतं. दुपारी बारानंतर अमावास्या लागत होती, म्हणून तिच्या सासूनं आधीच बजावून ठेवलं होतं, त्याच्या आत आमच्या उंबऱ्याबाहेर पडा.

सकाळी नऊ वाजले, साडेनऊ वाजले, माणगावची एसटी काही आली नाही. कोंडाजींचा फोन लागेना. जनीबाई साडी नेसून, मांडीवर ओटीची पिशवी घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

"थांबूया जरा," त्या म्हणाल्या.

"आई, बारा वाजतील."

त्यानं नारळ उचलला, मागचं दार सरकवलं आणि इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या अंगणात कुणी नव्हतं. आतलं पान उघडून बटण दाबावं, तेवढ्या घाईनं तो बोलला, "जो कोन असशील तो, इथनं ऊठ. माजी भयीन यायचीय. तुला हिच्यापेक्षा बरी जागा देतो." आणि दगडावर नारळ आपटला. नारळ नीट फुटला. स्क्रीनवरचा आकडा काही हलला नाही. बघ, असंच असतं हे सगळं, असं म्हणत त्यानं निदान हॉर्नची तार तेवढी काढून ठेवली आणि गाडी काढली.

इंदापूर, कोलाड, वाकण करत ते पालीला पोचले. सगळ्या वाटेत स्क्रीनवर तिघं होते. जनीबाईंनी तिकडं पाहायचं टाळलं.

क्रांती वाळली होती. सासूनं तिची ओटी भरली, डोळे पुसले. कुलदीपनं बहिणीला मधल्या सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली, पट्टा पोटाखालून घेतला. तिच्या पर्समध्ये सोनोग्राफीचा कागद होता, तो तिनं वाटेत दोनदा काढून पाहिला.

"दादा, वाढंल ना रे?" तिनं विचारलं.

"वाढंल. आमच्याकडं येतंयस ना आता. आई खाऊ घालून घालून हैरान करनार तुला."

स्क्रीनवर चार होते. पोटातलं बाळ श्वास घेत नाही, त्यामुळे त्या डोळ्याला ते दिसत नाही, हे कुलदीपनं आधीच वाचून ठेवलं होतं. चार म्हणजे ते तिघं आणि मागचा.

कोलाडच्या अलीकडं रस्ता खोदून ठेवलेला होता. ट्रकमागं सावकाश जाताना क्रांतीनं डोळे मिटले. गाडीत तेलाचा वास आला आणि गेला. कुलदीपनं सहज स्क्रीनकडं पाहिलं. तीन.

त्यानं पुन्हा पाहिलं. शेवटच्या रांगेत काही नव्हतं. तीन माणसं, तीन आकृत्या. इंदापूरपर्यंत तो दर मिनिटाला पाहत होता आणि आकडा तीनच होता. खड्ड्यात सैल तार बसली असणार जागेवर. त्याला इतकं हलकं वाटलं, की तो शीळ घालायला लागला आणि जनीबाई त्याच्याकडं चमकून बघायला लागल्या.

घरी पोचल्यावर त्यानं हॉर्नची तार परत जोडली, सगळ्यांना उतरवलं आणि कुलूप लावलं. गाडी गप्प. उघडली, लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. गप्प. वहीत त्यानं तारीख टाकून लिहिलं, "दोष गेला."

तेवढ्यात कोंडाजी फाटकातून आत आले. एसटी माणगावच्या पुढंच बंद पडली होती म्हणाले… मग एकदम थांबले. मागच्या सीटकडं पाहिलं.

"उठलाय," ते म्हणाले.

"मीच घातला गाऱ्हाना," कुलदीप हसून म्हणाला. "तुमची वाट किती बगनार?"

"कुठली जागा दिलीस?"

"बरी जागा देतो म्हनालो."

"बरी, म्हंजी कुठली? नाव काय घेतलास?"

कुलदीपनं वही मिटून काखेत मारली. कोंडाजी पायरीवर बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "क्रांती कुठल्या सीटवर बसली होती?"

आतून क्रांतीचा आवाज येत होता. ती आईला आणि पूनमला सांगत होती, आणि सांगताना हसत होती. "…कोलाडला एकदम गप झाला गं. हलायचाच थांबला. मी इतकी घाबरले, दादाला काय बोलले न्हाय. चार-पाच मिन्टं असतील. मग एक लाथ मारलान ना… अशी कदी मारली नव्हती. बग, आता पन. ठेव हात."

जनीबाई आणि पूनम हसत होत्या. कोंडाजींनी टोपी डोक्यावर घातली आणि चहा न घेता निघून गेले.

कुलदीप गाडीपाशी उभा राहिला. क्रांतीला पाच मिनिटं परत त्या सीटवर बसवलं असतं, आतलं पान उघडलं असतं, की काय ते कळलं असतं. जन्मात प्रथमच त्याला काही तपासून बघावंसं वाटलं नाही. त्यानं पाना आणला, काळा डोळा उपटून काढला आणि त्याच्या तारा कापल्या.

दुसऱ्या दिवशी माणगावला नव्या डॉक्टरीणबाईंकडं तपासणी होती. ठोके उत्तम होते, पाणी पुरेसं होतं. वाढ मागं नव्हती, उलट दोन आठवडे पुढंच दिसत होती. क्रांती टेबलावर पडल्या पडल्या रडायला लागली, आनंदानं, आणि जनीबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. कुलदीपला वाटलं, देवा, हे असंच राहू दे, बाकी मला काही नको. त्याला ते मनापासून वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी पालीचा जुना कागद उजेडात धरला, मग नवा धरला. पुन्हा जुना. त्यांनी चष्मा वर केला आणि कुलदीपला बाजूला घेऊन विचारलं, "हा कागद हिचाच आहे ना? नीट बघा. कारण हे ते बाळ नाही."

कुलदीपनं कागद हातात घेतला. वरचं नाव वाचलं, तारीख वाचली. टेबलावरून बहीण त्याच्याकडं बघून हसत होती.

"दुसऱ्या कुनाचा तरी आला असंल," तो म्हणाला, आणि कागदाची घडी करून खिशात टाकली.